बाईला द्यायचा निरोप

तळेगावच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असं सगळं लिहिलेलं असलं, तरी गावात माझी ओळख वेगळीच आहे. मी लोकांचे पणजोबा शोधून देते. जातपडताळणीला जुना पुरावा लागतो, आणि पोरगं बारावीला गेलं की घरच्यांना एकदम आठवतं, आपल्यालाही पूर्वज होते म्हणून. मग ते माझ्याकडे येतात. मी त्यांना बसवते, पाणी देते, इतके दिवस झोपला होता का म्हणून थोडं रागावते आणि मग सांगते, अमक्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. नाहीच मिळाला तर तहसिलीत जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढा. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण वारलं हे कोतवालाच्या सांगण्यावरून लिहून ठेवत, ती ही बुकं. त्यातलं किरटं अक्षर लावायची मला इतकी सवय झालीय की तहसिलीतली माणसंच कधीकधी कागद घेऊन मला विचारायला येतात.

अशा बाईला स्वतःची सख्खी आत्या सापडू नये, हे बाबांनी मला एक दिवस जेवताना ऐकवलं. म्हणजे टोमणा मारला असं नाही. बाबा टोमणे मारत नाहीत, ते नुसतं वाक्य बोलतात आणि वरणात भात कालवत बसतात. "तू गावाचे बुढे धुंडून राह्यली," ते म्हणाले, "आपली बाई काऊन नाई धुंडत?"

बाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. घरात तिला सगळे बाईच म्हणायचे. मी तिला कधी पाहिलेलं नाही. बाबांनीसुद्धा शेवटचं पाहिलं ते मिसरूड फुटायच्या आधी, आणि आज बाबा ऐंशीच्या पुढे आहेत.

आमचं मूळ घर रोहण्याचं. आजोबांचं तिथं किराण्याचं दुकान होतं. बाबा पाच-सहा वर्षांचे असताना बाईचं लग्न झालं, आर्वीच्या पलीकडच्या एका गावात. चार-पाच वर्षं येणंजाणं नीट चाललं. पहिलं बाळंतपणही रोहण्यालाच झालं. मग आमच्या घरातल्या एका लग्नात व्याह्यांचा मानपान करायची वेळ आली आणि बाईच्या सासऱ्यांना टॉवेल मिळाला, पण टोपी मिळाली नाही. टोप्या कमी पडल्या होत्या. कुणीतरी धावत जाऊन एक टोपी आणली, तर ती त्यांच्या डोक्यावर बसेना. मांडवात लोक हसले. सासरे उठले, बैलगाडी जुंपायला लावली आणि सुनेला, नातवाला घेऊन उपाशीच निघून गेले. आजोबाही काही कमी नव्हते. "टोपीसाठी नातं तोडणाऱ्याच्या दारात मी जात नाई," म्हणाले आणि शेवटपर्यंत गेले नाहीत. आमच्या घराण्यात रागाची कमतरता कधीच नव्हती. माझ्याकडे तो वाटा जरा जास्तच आलाय असं माझा नवरा म्हणतो.

भांडण दोन म्हाताऱ्यांचं, पण त्यात माहेर तुटलं ते बाईचं. आणि बाबांच्या मनात जे सलत होतं ते टोपीचं नव्हतं. आजोबा गेल्यावर काही वर्षांनी आजी अंथरुणाला खिळली. तिनं बाईचा ध्यास घेतला. बाबांनी दुकानातला माणूस बाईच्या सासरी धाडला. तो संध्याकाळी परत आला. घराला कुलूप होतं, माणसं वर्ध्याकडे कुठंतरी राहायला गेली, रेल्वेत नोकरी लागली म्हणतात, एवढंच त्याला कळलं. आत आजी विचारत होती, बाईले निरोप धाडला का. बाबांनी सांगितलं, धाडला, बाई निघाली, येऊन राह्यली. आजी त्यानंतर काही विचारायला राहिली नाही.

बाबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी खरकटी ताटं गोळा करत होते, ती तशीच हातात राहिली. लहानपणापासून बाईची आणि टोपीची गोष्ट मी हसण्यासाठी ऐकत आले होते. त्या गोष्टीला ही बाजू असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बाई नुसती भेटावी, एवढंच बाबांना वाटत नव्हतं. माय गेली, आणि जाताना तुझी वाट पाहत होती, हा निरोप तिच्यापर्यंत पोचवायचा राहिला होता, आणि तो पोचवणारं आता बाबांशिवाय कुणी उरलं नव्हतं. बाई जिवंत असेल तर तिला सांगायचं, नसेल तर तिच्या मुलांना. मला बाबांची फार दया आली, आणि नेहमीप्रमाणे मी ती रागावून दाखवली. इतकी वर्षं गप्प का बसलात, म्हटलं. तर म्हणाले, गप्प कुठं बसलो होतो? दुकानाचा माल आणायला वर्ध्याला जायचे तेव्हा दर खेपेला ते रेल्वेच्या क्वार्टरांकडे चक्कर टाकायचे, बाईचं नाव घेऊन दारोदार विचारायचे. या नावाची बाई इथं नाही, असं सगळे सांगायचे.

मी लगेच कामाला लागले. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे. बाईचं नाव माहीत, सासरचं आडनाव माहीत, मतदारयाद्या तर मोबाइलवर दिसतात. ते नाव त्या आडनावासोबत आणि तेवढ्या वयाचं, असं जिल्ह्यात एकच निघालं, आर्वीजवळच्या एका खेड्यात. मी कागद नाचवतच घरी गेले. बाबांनी त्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि आम्ही बसनं गेलो.

म्हातारी अंगणात गहू निवडत बसली होती. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे वर पाहिलं, मग त्यांचा हात हातात घेऊन पुष्कळ वेळ न्याहाळलं. मग ती शांतपणे म्हणाली की मी काही तुमची बहीण नाही, पण एवढ्या लांबून आलात तर चहा घेऊन जा. चहाबरोबर पोहे आले, पोह्यांवर ओलं खोबरं, आणि तिच्या तीन जावांची सगळी हकिकत. बाबा खुशीत ऐकत होते. बहीण नव्हती तरी बहिणीच्या वयाची होती, तेवढ्यावरही त्यांचं समाधान झालेलं दिसलं. मी मात्र आतून धुमसत होते, माझा नेम चुकला म्हणून. निघताना म्हातारीनं सहज विचारलं, "तुमच्या बहिणीचं सासरचं नाव काय ठेवलं होतं? तुम्ही सांगून राह्यले हे तं माहेरचं झालं. माहं माहेरचं दुसरंच हाय."

बाबा माझ्याकडे पाहू लागले आणि मी बाबांकडे.

आता हे कुणालाही सुचायला हवं होतं. लग्न झालं की नवऱ्याच्या घरी ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, आणि उंबरठ्याच्या आत ती दुसऱ्याच नावाची होते. माहेरी मात्र तिला जुन्याच नावानं हाक मारतात. मी माझ्या लग्नात ते ताट परत पाठवलं होतं. माझं नाव चांगलं आहे, तेच राहील, असं मी सासूबाईंना सांगितलं होतं आणि त्यावरून पहिले सहा महिने आमच्यात अबोला होता. एवढं भांडून जी गोष्ट मी स्वतःपुरती मोडून काढली, ती इतरांच्या बाबतीत घडत असते हेच मी विसरून गेले होते. बाबांनी तर रेल्वे क्वार्टरांच्या दारोदार अशा बाईचं नाव विचारलं होतं, जी त्या नावानं त्या मुलखात कधी राहिलीच नव्हती. ती एखाद्या दाराआड भाकऱ्या थापत असेलही, पण ते नाव घेतल्यावर शेजारीण काय सांगणार?

आणि नवं नाव काय, ते सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. बाबांना मी परतीच्या बसमध्ये खोदून खोदून विचारलं. नवरीसोबत पाठराखा म्हणून तेच गेले होते. म्हणजे नाव ठेवलं तेव्हा ते त्याच घरात होते. पण बैलगाडीत बसून बसून दमले होते, आणि त्यांना तिथं गेल्यागेल्या झोप लागली. उठवलं तेव्हा जेवणाची पानं मांडली होती. पुढे सासरहून पत्रं यायची ती व्याह्यांच्या नावची, जायची तीही व्याह्यांच्याच नावची. "मले फक्त बुंदी आठवते," बाबा ओशाळून म्हणाले. मला हसू आलं आणि त्यांनाही. कंडक्टर वळून पाहायला लागला.

मग मी रस्ता बदलला. बाईचं नाव सोडून दिलं आणि तिच्या नवऱ्याचं धरलं. नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव. पहिलं मूल रोहण्याला झालं होतं, म्हणून आधी रोहण्याच्या कोतवाल बुकाची नक्कल काढली. त्यात बाळाचं नाव नव्हतंच, तेव्हा लिहीत नसत. मुलगा, बापाचं नाव आणि तारीख, एवढंच. तेवढं मला पुरलं. वर्ध्याला स्टेशनाच्या बाजूच्या जुन्या शाळांमधून त्या वयाच्या मुलांचे दाखले शोधायचे ठरवलं. दोन शाळांमध्ये माझे पूर्वीचे ओळखीचे बाबू होते. एकानं रजिस्टर काढून दिलं, दुसऱ्यानं आधी माझ्याकडून पुतण्याचा फॉर्म भरून घेतला आणि मग काढून दिलं. नवऱ्याचं नाव नेमकं असं, की विदर्भात कुठल्याही गल्लीत हाक मारली तर दोघं वळून पाहतील. आडनावही तसंच. जन्मतारीख एकाचीही जुळेना. त्यात नवल काही नव्हतं, तेव्हाचे गुरुजी मुलगा हातानं डोक्यावरून कान पकडतो का ते पाहून तारीख टाकायचे. जन्मस्थळाच्या रकान्यात कुठं आर्वी, कुठं नुसता तालुका, कुठं काहीच नाही. शेवटी वेगवेगळ्या वस्त्यांतली तीन घरं हातात उरली.

पहिल्या घरची माणसं मूळची हिंगणघाटची निघाली. दुसऱ्या घरी आजी होती, पण ती उमरेडची. तिसऱ्या घरचा नंबर मिळाला तो नातवाचा. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. पोरगा बोलायला चांगला होता. आजी आहे म्हणाला, खणखणीत आहे. आजोबा रेल्वेत होते. आजोबांचं मूळ गाव आर्वीकडचं, पण कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं, शेत विकून फार वर्षं झाली होती. मी विचारलं, आजीचं माहेर कुठलं, तर तेही त्याला माहीत नव्हतं. आजीला भाऊ आहे का, विचारलं. तिथं मात्र तो ठामपणे नाही म्हणाला. आजीला भाऊच नाही. दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळते. घरातल्या सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलंय. पोरांनी मामा कुठाय म्हणून विचारलं की वर बोट दाखवायची, तो पाहा चांदोमामा.

मी त्याचे आभार मानले आणि कागदावरच्या तिसऱ्या घरावर आडवी रेघ मारली. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे कुणाला माहीत नाही? मी तर इतक्या खात्रीनं रेघ मारली की कागद फाटला. बाबांना मी काही सांगितलं नाही. नुसतं, चाललंय काम, म्हणत राहिले. खरं तर काम संपलं होतं, आणि मला त्यांच्यासमोर जाऊन बसायचं धैर्य होत नव्हतं. माझं सासर याच गावात दोन गल्ल्या सोडून, रोज दोनदा मी माहेरी जाते. त्या दिवसांत एकदाच जायला लागले, तेही बाबा झोपले असतील अशा वेळी.

थंडी पडली. तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात आल्या. एका दुपारी आई आणि मी ओसरीवर सोले काढत बसलो होतो, आणि बाबा पलीकडे खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. आईनं विचारलं, बाईचं काय झालं. बाबा झोपलेत असं समजून मी हळू आवाजात सगळं सांगितलं. तीन घरं, तिसऱ्या घरची म्हातारी, आणि ती चंद्राला ओवाळते म्हणून ती आपली नव्हे.

आईच्या हातातली शेंग तिथंच थांबली. मग ती जी सुरू झाली, की मला माझ्या लहानपणीचे मार आठवले. माझा मामा गुजरातेत कामाला होता तेव्हा आई कुणाला ओवाळत होती? तीन वर्षं तो दिवाळीला येऊ शकला नाही, तेव्हा गच्चीवर जाऊन तिनं कुणाला ओवाळलं? भाऊबीजेची कोर ती, दिवस मावळला की थोडा वेळ दिसते न दिसते, ती बुडू नये म्हणून कोण धावत जिना चढायचं, आणि ताट धरून शेजारी कोण उभं राहायचं? "तूच होती ना वं?" आई म्हणाली. "भाऊ नसला तं चंद्राले ओवाळते, अन् भाऊ दूर असला तरी चंद्रालेच ओवाळते. एवढं कळत नाई अन् लोकायच्या वंशावळ्या काढून राह्यली."

मला खरंच आठवलं. गच्ची आठवली, आईची घाई आठवली, वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून मी ताटाभोवती हात धरायची तेही आठवलं. तरीसुद्धा त्या पोराच्या तोंडून ऐकताना मला यातलं काही आठवलं नाही. मी सोल्यांची परात बाजूला सारली. बाबांनी तोंडावरचा पेपर काढला होता. ते झोपलेले नव्हतेच. त्यांनी नुसता हात पुढे केला, मोबाइलसाठी.

मी नातवाला फोन लावला आणि म्हटलं, भाऊ, जरा आजीलाच दे. तो घरीच जेवायला आला होता. पलीकडे बराच वेळ भांड्यांचे, खुर्चीचे आवाज येत राहिले. मग एक म्हातारा, जाडसर आवाज आला, कोण हाय म्हणून. बाबांनी शाळेतलं नाव सांगितलं नाही. ते नाव तिला कितपत ठाऊक होतं, देव जाणे. त्यांनी घरातलं, अंगणातलं, बाईनंच ठेवलेलं नाव सांगितलं. मी ते नाव त्यापूर्वी एकदाही ऐकलं नव्हतं. आईनंही नाही. मग पलीकडून ती म्हणाली, "फोनवर मी नाई बोलत. घरी ये."

आणि तिनं फोन ठेवून दिला. आमच्याच घराण्यातली आहे, याची मला तेव्हाच खात्री पटली.

दोन दिवसांनी आम्ही वर्ध्याला गेलो, बाबा आणि मी. आईचे गुडघे बसच्या प्रवासाला तयार नव्हते, पण बाईला द्यायची साडी तिनंच निवडून दिली, हिरवी, बारीक काठाची. बाबा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होते. आधी मला वाटलं जप करतायत. मग कळलं, ते निरोपाचे शब्द जुळवतायत. कसं सांगायचं, आधी काय आणि मग काय. आर्वी येईपर्यंत त्यांनी ते तीनदा तरी बदललं असेल. मी त्यांना म्हटलं, तिला माहीतच असेल, आजी आता शंभराच्या वर असती. ते म्हणाले, माहीत असणं वेगळं आणि कुणी येऊन सांगणं वेगळं.

स्टँडवरून ऑटो केला. स्टेशनाच्या मागच्या बाजूला, पूल उतरल्यावर एका गल्लीत घर होतं, पुढं छोटं अंगण, अंगणात ऊन. बाईचा काही नेम नव्हता, कदाचित पाच मिनिटांत निघायची पाळी येईल, म्हणून मी ऑटोवाल्याला थांबवून ठेवलं.

ती बाजेवर उन्हात बसली होती. लहानखुरी, नऊवारी नेसलेली, कपाळ मोठं, अगदी बाबांसारखं. नातू, सून, नातसून, शेजारची दोन माणसं, सगळे भिंतीशी उभे होते. बाबा तिच्याजवळ गेले आणि खाली वाकले. माझ्या जन्मात मी बाबांना कुणाच्या पाया पडताना पाहिलं नव्हतं. माझ्या आठवणीत ते घरातले सगळ्यांत मोठे, त्यांच्याच पाया पडायला लोक यायचे. त्यांना वाकायला वेळ लागला, उठायला त्याहून जास्त. बाईनं त्यांचा कान धरला. खरोखर धरला, आणि धरूनच त्यांना शेजारी बसवलं. "इतके दिवस कुठी गेलता?" ती म्हणाली. बाबा खाली मान घालून हसत होते. इतकं आनंदी मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नाही.

मग बोलणं सुरू झालं. सासऱ्यांनी घरात माहेरचं नाव काढायची बंदी केली होती. ते गेले तोवर न बोलायची सवयच पडून गेली. एकदा नवऱ्याला घेऊन ती रोहण्याला गेली होती, तर दुकानाच्या जागी दुसऱ्याचं दुकान. आम्ही तोवर तळेगावला आलो होतो. वडील गेल्याचं तिला आर्वीच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. आईचं कुणीच सांगितलं नाही.

"माय?" तिनं विचारलं.

बाबा जुळवलेलं सगळं विसरले. त्यांनी एकदम सांगून टाकलं, माय गेली, पोरं लहान होती तेव्हाच गेली, शेवटी तुझाच ध्यास होता. माणूस पाठवला होता, पण तुमच्या दाराला कुलूप होतं. मग थांबले आणि म्हणाले, "मी मायले खोटं सांगतलं. म्हटलं, बाई निघाली, येऊन राह्यली."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "बरं केलं," ती म्हणाली. मग बाजेचा आधार घेऊन उठली आणि सुनेला म्हणाली, न्हाणीत पाणी काढ. सून घाबरली. सकाळीच तर आंघोळ झाली, थंडीचे दिवस आहेत, आता कशाला पुन्हा, असं समजावू लागली.

"मायच्या नावाची राह्यली हाय माही," बाई म्हणाली. "कोणी सांगतलंच नाई तं कशी करू?"

सुनेनं गरम पाणी काढलं. न्हाणीचं दार लागलं आणि आतून डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज आला, एक तांब्या, मग दुसरा, मग पुष्कळ. बाबा बाजेवर बसून रडत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरून गेलं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. मला स्वतःला त्या आवाजानं इतकं बरं वाटलं, की मी तिथंच पायरीवर बसून डोळे पुसत राहिले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बाई कोरडं लुगडं नेसून बाहेर आली. पांढरे केस ओले, पाठीवर मोकळे. ती उन्हात बाबांशेजारी येऊन बसली. मी टॉवेल घेतला आणि तिचे केस पुसायला लागले. मी कोण, हे तिनं तोवर विचारलं नव्हतं, पण डोकं माझ्या हातात दिलं.

"आता सांग," ती बाबांना म्हणाली. "मायनं काय खाल्लं, कोण होतं जवळ, कोणत्या खोलीत होती. घाई करजो नको."

बाबा सांगू लागले. फाटकाबाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी टॉवेल नातसुनेच्या हातात दिला, बाहेर जाऊन त्याचे पैसे चुकते केले आणि त्याला जायला सांगितलं.